सुट्टीतील वाचन: मुलांच्या वयानुसार पुस्तके कशी निवडावीत

पुस्तकाच्या मागील बाजूस छापलेला ‘वय वर्षे ८ ते १२’ हा शिक्का पाहून पुस्तक घेण्याची सवय असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती ती बाजूला ठेवावी. आठ वर्षांचे एक मूल अजून जोडाक्षरापाशी अडखळत असते, तर त्याच वर्गातील दुसरे मूल जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपवून ‘पुढचा भाग आहे का?’ असे विचारत असते. वय हा निवडीचा आरंभबिंदू आहे खरा, पण निवड ठरते ती मूल आज वाचनाच्या कोणत्या पायरीवर उभे आहे यावरून. मी स्वतः नऊ वर्षांच्या भाच्याला त्याच्या वयासाठीचे म्हणून एक पुस्तक मोठ्या हौसेने दिले होते. तेविसाव्या पानावर उघडे करून पालथे ठेवलेले ते पुस्तक महिनाभर तसेच पडून होते.

आधी पायरी ओळखावी

सुट्टी लागण्यापूर्वी मुलाला शेजारी बसवून एखाद्या अनोळखी पुस्तकातील मजकुराने भरलेले एक पान वाचायला सांगावे आणि न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगावे. पानाअखेर पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक मुलाने एकट्याने वाचण्याजोगे नाही; दोन-तीन मिटली, तर योग्य आहे; एकही मिटले नाही, तर सोपे आहे, आणि सुट्टीत सोपे पुस्तक वाचण्यात काहीही गैर नाही.

मराठीच्या बाबतीत मात्र ही चाचणी एका ठिकाणी फसवते. देवनागरीत बहुतांशी जसे लिहिले तसे वाचले जात असल्यामुळे मूल संपूर्ण पान खणखणीत आवाजात वाचून दाखवते आणि मोठ्यांना वाटते की, याला सगळे येते. अशा वेळी पुस्तक मिटून ‘आत्ता काय झालं त्या गोष्टीत?’ एवढेच विचारावे. उत्तरादाखल मूल वाक्यच्या वाक्य जसेच्या तसे म्हणू लागले, तर अक्षरे वाचून झाली असली तरी गोष्ट अजून पोहोचलेली नाही, असे समजावे. बोट ओळीखाली सरकते आहे का, ‘स्वातंत्र्य’सारख्या शब्दापाशी थबकते आहे का, तेथून मूल ओळीच्या सुरुवातीला परत जाते की तसेच पुढे रेटते, हेही पाहावे. परत जाणारे मूल अर्थ शोधत असते.

मग वयाकडे वळावे

तीन वर्षांपर्यंत पुस्तक हे चावण्याचे, आपटण्याचे आणि पाने उलटण्याचे साधन असते. म्हणून जाड पुठ्ठ्याची पाने, गोल कोपरे आणि एका पानावर एकच ठळक चित्र, इतके पुरेसे आहे.

तीन ते सहा या वयात चित्रपुस्तके द्यावीत. ती बहुधा ३२ पानांची असतात आणि एका बैठकीत वाचून होतात. येथे मजकूर तपासण्यापूर्वी चित्रे तपासावीत: शब्दांत नसलेले काहीतरी चित्रात घडत असेल, जसे कोपऱ्यातून हळूच निसटणारे मांजर, तर मूल ते स्वतः शोधून काढते. तेच पुस्तक सलग वीस दिवस मागितले, तर वीस दिवस वाचून दाखवावे. कंटाळा मोठ्यांना येतो, मुलाला नाही.

सहा ते आठ हे वय सर्वांत नाजूक, कारण मुलाला समजणाऱ्या गोष्टी मोठ्या असतात आणि त्याला वाचता येणाऱ्या गोष्टी छोट्या. ही फट भरून काढण्यासाठी दोन वेगळी पुस्तके ठेवावीत: मोठा टाइप, छोटी वाक्ये आणि मोजकी जोडाक्षरे असलेले एक मुलाने वाचण्यासाठी, आणि त्याहून बरेच पुढचे दुसरे मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी. मूल स्वतः वाचू लागले की वाचून दाखवणे बंद करण्याची घाई बहुतेक घरांत होते. ती करू नये.

नऊ ते बारा या वयात मालिका, चित्रकथा, कोडी, विक्रमांची पुस्तके, प्राण्यांची माहिती असे सगळे चालते. चित्रकथेला ‘खरे वाचन’ न मानणाऱ्या पालकांशी माझे पटत नाही. साहस आवडत असेल, तर जूल व्हर्नची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणा नकाशा भिंतीवर लावून वाचावी. पूर्वेकडे प्रवास करत राहिल्याने नायकाच्या हिशेबात एक दिवस कसा वाढतो, हे मूल बोट फिरवून शोधू शकते. शाळेविषयी कुरकुर असेल, तर रेल्वेच्या डब्यांत वर्ग भरणाऱ्या शाळेची ‘तोत्तोचान’ द्यावी.

तेरा वर्षांपुढे ‘मुलांसाठी’ हा शब्द असलेले पुस्तक शक्यतो पुढे करू नये. आपल्याच वयाच्या कोणीतरी लिहिलेले या वाचकाला अधिक जवळचे वाटते. अ‍ॅन फ्रँकने १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवशी मिळालेल्या वहीत रोजनिशी लिहायला घेतली. तेराव्या वर्षी ती हातात पडणे आणि तिसाव्या वर्षी पडणे, यांत फरक आहे.

संच लावावा

एका सुट्टीला सहा पुस्तके पुरतात: दोन सोपी, दोन मुलाच्या सध्याच्या वेडाची (मग ते डायनोसॉर असो वा क्रिकेट), एक त्याने कधीच न निवडलेल्या विषयाचे आणि एक वाचून दाखवण्याचे. पहिली चार मुलानेच निवडावीत.

वेळ ठरवावी

सहा आठवड्यांच्या सुट्टीत रोज वीस मिनिटे धरली, तरी चौदा तास होतात. वेळ कोणतीही चालेल, परंतु ती रोज तीच असावी आणि त्या वेळी घरातील मोठ्यांच्या हातातही मोबाइल नसावा. झोपण्यापूर्वी वाचून दाखवणार असाल, तर साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचना सोयीची आहे: तिची प्रकरणे म्हणजे ४२ रात्री, आणि सहा आठवड्यांचे दिवसही तितकेच. मात्र अखेरच्या रात्री आईच्या मृत्यूच्या आहेत. हळव्या मुलासाठी त्या आधी स्वतः वाचून ठेवाव्यात.

अर्धवट सोडू द्यावे

प्रत्येक पुस्तकानंतर सारांश लिहून घेणे, पानांमागे बक्षीस लावणे, हे प्रकार सुट्टीत तरी टाळावेत. फ्रेंच लेखक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत पुस्तक पूर्ण न करण्याचाही हक्क आहे. सुमारे तीस पाने वाचूनही मन लागत नसेल, तर मुलाने ते विनासंकोच बाजूला ठेवावे. सोडलेल्या पुस्तकात खुणेची चिठ्ठी घालून ते मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात उभे ठेवावे, आणि त्याविषयी पुन्हा विचारू नये. भाच्याच्या पुस्तकातील चिठ्ठी पुढच्या सुट्टीत मला एकशे चाळिसाव्या पानावर दिसली.