'द बर्निंग गॉड' कसे वाचावे

आर. एफ. क्वांग यांच्या चीनसदृश काल्पनिक देशात घडणाऱ्या अद्भुतकथा-त्रयीचा हा अखेरचा खंड (२०२०) हाती घेण्यापूर्वी 'द पॉपी वॉर' (२०१८) आणि 'द ड्रॅगन रिपब्लिक' (२०१९) ही पुस्तके याच क्रमाने वाचलेली असावीत, कारण नायिका रिन आणि तिचे सहाध्यायी किताय व नेझा या तिघांतील मैत्री व वैर ज्या प्रसंगांतून आकाराला आले ते सारे तेथेच घडून गेलेले आहेत. मध्ये बराच काळ गेला असल्यास निदान दुसऱ्या खंडाची शेवटची प्रकरणे पुन्हा वाचावीत आणि दाजी, जियांग व रीगा या आधीच्या पिढीतील त्रिकुटाविषयी जे काही सांगितले आहे ते टिपून ठेवावे. तिसऱ्या खंडाचा प्रारंभच त्यांच्या तारुण्यातील एका प्रसंगाने होतो आणि हे टिपण हाताशी नसेल तर त्या प्रसंगाचे वजन जाणवत नाही.

याहून महत्त्वाची तयारी म्हणजे चीनच्या इतिहासाची. पहिल्या खंडामागे १९३७ मध्ये जपानी सैन्याने केलेल्या नानजिंग हत्याकांडाची छाया आहे. या खंडामागे यादवी युद्ध, १९३४–३५ ची 'लाँग मार्च' (साम्यवादी सैन्याची दीर्घ माघार) आणि १९४९ मधील साम्यवादी विजय आहे. रिनची जडणघडण माओंच्या आयुष्यावरून सुचल्याचे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. हा इतिहास आधी वाचल्याने रसभंग होईल, ही भीती मला अनाठायी वाटते. उलट, गरीब दक्षिणेतील सैन्य डोंगरवाटांनी माघार घेत असताना प्रत्येक निर्णयाची किंमत नेमकी कळते. (अफूच्या व्यापाराबद्दलही थोडे वाचावे, माळव्याची अफू मुंबई बंदरातूनही चीनला जात असे.)

प्रत्यक्ष वाचताना नकाशा उघडा ठेवावा आणि लढायांपेक्षा धान्याकडे अधिक लक्ष द्यावे. कोणत्या प्रांतात पीक उरले आहे, कोणाची उपासमार चालू आहे आणि हेस्पेरियन (कथेतील पाश्चात्त्यांसारखे परकीय) कोणत्या अटींवर मदत देऊ करतात, या प्रश्नांवर कथेचा शेवट उभा आहे. युद्ध जिंकणे आणि देश चालवणे यांतील अंतर इतक्या कठोरपणे मांडणाऱ्या अद्भुतकथा फार थोड्या आहेत, म्हणूनच रिनची बाजू घेण्याची घाई करू नये. तिचा संताप न्याय्य असतानाही तिचे आदेश तपासून पाहावेत.

हिंसेची वर्णने अत्यंत थेट असल्याने ही त्रयी लहान मुलांच्या हाती देऊ नये. शेवटची काही प्रकरणे मात्र सलग, एकाच बैठकीत वाचावीत.