स्यूडोमॉर्फ नमुना कसा तपासावा

स्यूडोमॉर्फमध्ये आकार एका खनिजाचा असतो आणि पदार्थ दुसऱ्याचा. त्यामुळे आधी आकार ओळखा, मग पदार्थ.

पायराईटच्या (लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज) आकारातला गोएथाईट (लोहाचं गंजासारखं तपकिरी खनिज) सर्वांत जास्त पाहायला मिळतो. तपकिरी घन, त्याच्या बाजूंवर पायराईटच्या बारीक समांतर रेघा. मागची, न दिसणारी कड बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर हलकेच घासा. रेघ पिवळसर तपकिरी उमटली तर गोएथाईट, हिरवट काळी उमटली तर पायराईट. मात्र ही चाचणी फक्त वरच्या थराबद्दल सांगते. आतला गाभा अजून पायराईटच आहे का, हे वजनावरून कळतं. नमुना कोरडा तोला, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोला. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. उत्तर ५ च्या जवळ आलं तर पायराईट बराच शिल्लक आहे, ४ च्या खाली आलं तर बहुतांश बदल झालेला आहे. नमुना सच्छिद्र असेल तर उत्तर फसवं येतं, कारण पाणी आत शिरतं.

गाभा शिल्लक असलेला नमुना दमट हवेत ठेवू नका. पायराईटपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, नमुना तडकतो, खालची चिठ्ठीही जळते. आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा, डबीत सिलिका जेल घाला.

अझुराईटच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या खनिजाच्या, आकारातला मॅलाकाईट हे तांब्याचंच हिरवं खनिज (नामिबियातल्या त्सुमेबचे नमुने फार देखणे) कधीही आम्लाने धुऊ नका, ते विरघळतं. मऊ ब्रश पुरे.

चिठ्ठीवर दोन्ही नावं हवीतच: ‘मॅलाकाईट, अझुराईटच्या आकारात’.