कॉमिकच्या नव्या अंकाचे परीक्षण कसे लिहावे

कॉमिकच्या अंकाची बरीचशी परीक्षणे एकाच साच्यातून निघालेली असतात. तीन-चार परिच्छेद कथानक सांगण्यात खर्ची पडतात आणि शेवटी ‘चित्रे देखणी आहेत’ किंवा ‘रंग फार भडक वाटले’ एवढे एक वाक्य जोडले जाते. जो मजकूर कादंबरीच्या परीक्षणातही तसाच्या तसा खपून गेला असता, त्याला कॉमिकचे परीक्षण म्हणता येत नाही, कारण कॉमिकमध्ये कथा सांगण्याचे निम्म्याहून अधिक काम चित्रे करत असतात. म्हणून लेखन आणि चित्रे यांना वेगवेगळे गुण देत बसण्यापेक्षा, ती दोन्ही एकाच पानावर एकमेकांशी कशी वागतात हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पहिले वाचन सलग आणि टिपणे न घेता करावे. या वाचनात फक्त स्वतःकडे लक्ष ठेवावे: आपण कुठे रेंगाळलो, कुठे घाईने पान उलटले, कोणती चौकट आधी वाचायची हे न कळल्यामुळे कुठे अडखळलो. हे अनुभव एकदाच मिळतात, दुसऱ्या वाचनात कथा माहीत असल्यामुळे ते पुसले जातात. तेव्हा वाचन संपताच चार ओळींत ते लिहून ठेवावेत.

त्यानंतर श्रेयनामावली नीट वाचावी. अमेरिकी मासिक कॉमिकमध्ये लेखक, पेन्सिलीने रेखाटन करणारा, त्यावर शाई चढवणारा, रंगकार आणि पानावर संवाद-निवेदनाची अक्षरे उमटवणारा अक्षरलेखक अशी कामाची वाटणी असू शकते, आणि कधी यांतली दोन-तीन कामे एकच व्यक्ती करते. चेहऱ्यांवरच्या सावल्या जड झाल्या असतील, तर तो दोष पेन्सिलीचा, शाईचा की रंगांचा, हे केवळ छापील पानावरून ठामपणे सांगता येईलच असे नाही. अशा वेळी दोष पानाचा आहे असे लिहावे, व्यक्तीवर ढकलू नये. लेखनाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. १९६० च्या दशकात मार्व्हलमध्ये लेखक स्टॅन ली अनेकदा चित्रकार जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिट्को यांना केवळ कथेची रूपरेषा देत, चित्रकार त्यावरून सगळी पाने रचत, आणि संवाद नंतर लिहिले जात. अशा अंकाची गती लेखकाने साधली असे म्हणणे चित्रकारावर अन्यायाचे ठरते. आपल्याकडे १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाच्या वृत्तपत्रीय पट्ट्या पुस्तकाच्या पानांत बसवलेल्या असत. त्या पानांच्या मांडणीबद्दल मूळ चित्रकाराला जाब विचारणे चुकीचेच होईल.

दुसरे वाचन शब्दांकडे दुर्लक्ष करून करावे. संवादांचे फुगे आणि निवेदनाच्या पट्ट्या डोळ्यांआड करून केवळ चित्रांवरून प्रसंग कळतो का, कोण कुठे उभे आहे, कोणाचा रोख कोणाकडे आहे हे समजते का, ते तपासावे. मग उलट करावे आणि फक्त शब्द वाचावेत. चित्रात माणूस थरथरत्या हाताने दाराची कडी लावताना दिसत असेल आणि वर पट्टीत ‘तो घाबरला होता’ असे लिहिलेले असेल, तर लेखकाने चित्रकारावर विश्वास ठेवलेला नाही. तोच माणूस शेजारच्याला ‘झोप आता, काही नाही झालं’ म्हणत असेल, तर शब्द आणि चित्र यांच्यातल्या विसंगतीतून तिसरेच काही उभे राहते, आणि माझ्या मते लेखकाची खरी पारख अशाच जागी होते.

पानाची रचना पाहताना चौकटींची संख्या मोजावी, पण तेवढ्यावर थांबू नये. सारख्या आकाराच्या चौकटी ठरावीक ठेका देतात, आणि तो ठेका मोडून अर्ध्या पानाची चौकट येते तेव्हा ती जागा त्या प्रसंगाने कमावलेली आहे का, हे विचारावे. छापील अंकात धक्का देणारी चौकट पान उलटल्यावर डाव्या बाजूला आली, तर तिचा परिणाम होतो. तीच उजव्या पानावर आली, तर वाचकाची नजर आधीच तिच्यावर गेलेली असते. पडद्यावर एकेक चौकट मोठी करून वाचणाऱ्याला हा हिशेब दिसतच नाही, म्हणून आपण अंक कागदावर वाचला की पडद्यावर, हे परीक्षणात नमूद करावे.

रंग आणि अक्षरे यांना परीक्षणांत सर्वांत कमी जागा मिळते, हे मला मनापासून खटकते. २०१३ मध्ये आलेला मार्व्हलच्या ‘हॉकआय’ मालिकेचा अकरावा अंक यासाठी जवळून पाहण्यासारखा आहे. लेखन मॅट फ्रॅक्शन यांचे, चित्रे डेव्हिड आहा यांची, रंग मॅट हॉलिंग्सवर्थ यांचे आणि अक्षरलेखन ख्रिस एलिओपोलस यांचे. संपूर्ण अंक एका कुत्र्याच्या जाणिवेतून सांगितलेला आहे. माणसे बोलतात तेव्हा फुग्यांत बहुतांश ठिकाणी न वाचता येणाऱ्या रेघोट्या दिसतात आणि कुत्र्याला ओळखीचे असलेले मोजकेच शब्द स्पष्ट उमटतात. माणसांभोवती रेषांनी जोडलेली छोटी चिन्हे येतात आणि त्यांतून त्या माणसाचा वास, त्याच्या सवयी, त्याच्याशी जोडलेल्या आठवणी कळतात. इथे लेखन कुठे संपले आणि चित्र कुठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. कमी शब्द वापरणे हाच इथे लेखनाचा निर्णय आहे, आणि अक्षरलेखकाने काय वाचू द्यायचे नाही हे पाळले म्हणून तो सिद्धीस गेला. या अंकाला २०१४ चा सर्वोत्कृष्ट एकल अंकाचा आयस्नर पुरस्कार, म्हणजे कॉमिकसाठी दिला जाणारा अमेरिकी पुरस्कार, मिळाला. सामान्य अंकातही हेच प्रश्न विचारता येतात: रात्रीचे प्रसंग केवळ निळे करून टाकले आहेत का, एखादा रंग एका पात्राशी बांधलेला आहे का, फुग्यांचा क्रम नजरेला योग्य दिशेने नेतो का.

अंकाला कोणता मापदंड लावायचा, हेही लिहिण्यापूर्वी ठरवावे. मासिक अंकात कथेला साधारण वीस ते बावीस पानेच मिळतात आणि बहुतेकदा तो पाच-सहा अंकांच्या कथेचा एक तुकडा असतो. पहिल्या अंकाकडून पात्रांची ओळख आणि पुढे वाचण्याचे कारण मागावे. मधल्या अंकाकडून सगळी उत्तरे मागू नयेत, पण त्या वीस पानांत काहीतरी बदलले पाहिजे, ही अपेक्षा मात्र सोडू नये.

प्रत्यक्ष लिहिताना कथानक दोन-तीन वाक्यांत आवरावे आणि शेवटची कलाटणी उघड करू नये. प्रत्येक मताला पान आणि चौकट यांचा आधार द्यावा. ‘मारामारीची दृश्ये गोंधळाची आहेत’ असे लिहिण्याऐवजी, सातव्या पानाच्या तिसऱ्या चौकटीत नायक डावीकडून धावतो आणि चौथीत उजवीकडून येतो, त्यामुळे दोघांपैकी कोण कोणावर चालून गेले ते कळत नाही, असे लिहावे. मसुदा झाल्यावर ज्या वाक्यांना असा आधार नाही, ती एक तर पुन्हा अंक उघडून सिद्ध करावीत किंवा काढून टाकावीत. पुढचा अंक आला की मागचे परीक्षण समोर ठेवून तो वाचावा. पहिल्या अंकात निरर्थक वाटलेली चौकट तिसऱ्या अंकात खुलली असेल, तर तसे पान क्रमांकासह नव्या परीक्षणात नोंदवावे.