प्रादेशिक वाहतूक निधीसाठी शहराने प्रस्ताव कसा तयार करावा

शहराच्या हद्दीतील रस्ते, चौक, पदपथ आणि बसथांबे यांची जबाबदारी शहराची असली, तरी त्यांवरील वर्दळ शहरापुरती नसते आणि त्यांच्या सुधारणेचा खर्चही बहुतेक वेळा एकट्या शहराच्या तिजोरीला झेपत नाही. म्हणूनच अनेक देशांत शेजारशेजारच्या शहरांच्या आणि गावांच्या मिळून बनलेल्या प्रदेशासाठी एक नियोजन संस्था असते आणि तिच्यामार्फत वाहतुकीच्या कामांना निधी दिला जातो. हा निधी मागताना शहरे आपल्याला काय हवे आहे हे तपशिलाने सांगतात, पण ते काम झाल्याने प्रदेशाचा कोणता प्रश्न सुटेल हे सांगायचे राहून जाते. छाननी करणाऱ्यांपुढे एकाच वेळी अनेक शहरांचे प्रस्ताव असतात आणि गरज त्या सर्वांचीच खरी असते. निवड होते ती मुख्यतः दोन कसोट्यांवर. प्रस्तावित काम प्रदेशाच्या ठरलेल्या उद्दिष्टांना कितपत हातभार लावते, आणि मंजुरी मिळाल्यावर शहर ते काम वेळेत सुरू करून पूर्ण करू शकेल का, हे पाहिले जाते.

निधी कोणत्या वाटेने येतो

अर्ज हाती घेण्याच्या कितीतरी आधी निधीची वाट समजून घ्यावी. अमेरिकेतील पद्धत येथे अभ्यासण्यासारखी आहे, कारण तिचे नियम स्पष्टपणे लिहिलेले आहेत. तेथे १९६२ च्या महामार्ग कायद्याने पन्नास हजारांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांत केंद्रीय निधीच्या वापरासाठी सातत्यपूर्ण, सर्वसमावेशक आणि सहकार्याने केलेले नियोजन बंधनकारक केले, आणि आज अशा प्रत्येक क्षेत्रासाठी एक महानगर नियोजन संस्था असते. ही संस्था किमान वीस वर्षांचा दीर्घकालीन आराखडा आणि किमान चार वर्षांचा कामांचा कार्यक्रम तयार करते. ज्या कामाला केंद्राचा पैसा हवा आहे, ते या कार्यक्रमात असावे लागते आणि कार्यक्रम दीर्घकालीन आराखड्याशी सुसंगत असावा लागतो. १९९१ च्या कायद्यापासून या दोन्ही दस्तऐवजांत पैशाची वाजवी तरतूद दिसत असलेलीच कामे दाखवावी लागतात. याचा अर्थ असा की, अर्जाची जाहिरात निघाल्यावर जागे होणारे शहर बहुधा उशिरा जागे झालेले असते. आराखड्याची फेरतपासणी सुरू असताना होणाऱ्या बैठकांना शहराच्या अभियंत्याने आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीने हजर राहणे, आणि आपला रस्ता किंवा बसमार्ग त्या आराखड्यात नावानिशी नोंदवून घेणे, ही प्रस्तावाची खरी पहिली पायरी आहे.

पैसा कुठून जमा होतो यावर त्याच्या वापराच्या अटी ठरतात. फ्रान्समध्ये अकरा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांकडून वेतनखर्चाच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर घेता येतो. ही पद्धत १९७१ मध्ये पॅरिस परिसरात सुरू झाली आणि पुढे इतर नागरी प्रदेशांतही लागू झाली. लॉस एंजेलिस काउंटीत २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या अर्ध्या टक्क्याच्या विक्रीकरातील सतरा टक्के रक्कम स्थानिक कामांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात शहरांना वाटली जाते. अशा ठरलेल्या वाट्यासाठी इतर शहरांशी स्पर्धा करावी लागत नाही, मात्र खर्चाचे नियम पाळावे लागतात. म्हणून स्पर्धात्मक निधीकडे वळण्यापूर्वी आपल्या शहराला सूत्रानुसार मिळू शकणारा एखादा वाटा न मागता पडून आहे का, हे लेखा विभागाकडून तपासून घ्यावे. लहान दुरुस्त्या त्या पैशातून कराव्यात आणि स्पर्धेसाठी प्रदेशाला उपयुक्त ठरणारे एकच सबळ काम निवडावे.

कामाची निवड

कोणते काम पुढे करायचे हा प्रश्न अनेकदा कोणत्या प्रभागातून मागणी अधिक जोरात येते यावर सुटतो. प्रादेशिक निधीसाठी हा मार्ग कामाला येत नाही. त्याऐवजी हद्द ओलांडणाऱ्या प्रवासाकडे पाहावे. शहरातील एखाद्या चौकात अडकणाऱ्या बसमध्ये शेजारच्या तीन गावांचे प्रवासी बसलेले असतील, तर तो चौक स्थानिक असूनही प्रश्न प्रादेशिक आहे, आणि हे प्रवाशांच्या सर्वेक्षणातून आकड्यांनी सिद्ध करता येते. रेल्वे स्थानकापर्यंत पायी पोहोचण्याचा रस्ता, रुग्णालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे जाणारा बसमार्ग, दोन शहरांमध्ये अर्धवट तुटलेली सायकल मार्गिका, या कामांना याच कारणाने वजन येते.

शेजारच्या शहराबरोबर संयुक्त प्रस्ताव करता येत असेल तर तो अवश्य करावा, असे माझे ठाम मत आहे. बससाठी राखीव मार्गिका एका शहराने बांधली आणि ती हद्दीवर येऊन संपली, तर वाचवलेला वेळ पुढच्या दोन चौकांत वाया जातो. सिग्नलांच्या समन्वयाचेही तसेच आहे. मात्र संयुक्त प्रस्तावात नेतृत्व कोणाकडे, निविदा कोण काढणार, वाढीव खर्च कोणत्या प्रमाणात वाटला जाणार आणि पुढील देखभाल कोणाची, या बाबी अर्ज करण्यापूर्वीच लेखी करारात याव्यात. करार नसलेले सहकार्य छाननीत टिकत नाही, आणि टिकले तरी बांधकामाच्या वेळी वादात सापडते.

मोठे काम टप्प्यांत विभागताना प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे वापरण्याजोगा असावा. दुसऱ्या टप्प्याचा निधी आला नाही तरी पहिल्या टप्प्याचा लोकांना उपयोग झाला पाहिजे. नदीच्या एका काठावर थांबलेला पूल हा टप्पा म्हणता येणार नाही.

पुरावा गोळा करणे

प्रस्तावाचा हा भाग सर्वांत जास्त वेळ घेतो आणि तो तसा घेऊ द्यावा. अपघातांची माहिती किमान तीन ते पाच वर्षांची असावी, कारण एका वर्षाच्या आकड्यांत योगायोगाचा भाग मोठा असतो. मृत्यू आणि गंभीर दुखापती वेगळ्या दाखवाव्यात, प्रत्येक घटना नकाशावर नोंदवावी आणि पादचारी, सायकलस्वार, दुचाकीस्वार असे वर्गीकरण करावे. पोलिसांच्या नोंदींत सर्वच दुखापती येत नाहीत, त्यामुळे शक्य असेल तेथे रुग्णालयांकडील माहितीशी, व्यक्तींची ओळख वगळून, पडताळणी करावी. वाहनांच्या वेगाचे मोजमाप स्वतंत्रपणे घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. हे प्रमाण लक्षात घेतले तर चौक अरुंद करणे, पादचारी ओलांडणी उंच करणे यांसारख्या कमी खर्चाच्या उपायांचे समर्थन किती भक्कमपणे करता येते, हे ध्यानात येईल.

वाहनांची मोजणी नेहमीच्या कामाच्या दिवशी करावी. शाळांच्या सुट्ट्या, सणांचे दिवस आणि जवळपास रस्ता खोदलेला असतानाचे दिवस टाळावेत. मोजणीत माणसेही मोजावीत. रस्त्यावरून तासाला किती मोटारी जातात याबरोबरच किती माणसे जातात हे मांडले की, भरलेल्या एका बसची किंमत आपोआप दिसते. बसगाड्यांमध्ये स्थाननिश्चितीची यंत्रणा असेल, तर तिच्या नोंदींतून प्रत्येक चौकातील विलंब काढता येतो. हा पुरावा स्वस्त आहे आणि तो नाकारणे कठीण असते.

रस्ता रुंद केल्याने कोंडी कायमची संपेल, असा दावा करू नये. गजबजलेल्या भागांत वाढवलेली जागा नव्या प्रवासांनी भरून जाते, हे वाहतूक नियोजनात फार पूर्वीपासून मान्य झालेले आहे आणि छाननी करणारे तज्ज्ञ ते जाणतात. अवास्तव दाव्यामुळे प्रस्तावातील खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. लाभ आणि खर्च यांचे गुणोत्तर मागितले असेल तर ते निधी देणाऱ्या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीनेच काढावे. भविष्यातील लाभ आजच्या मूल्यात आणताना तिने सांगितलेलाच दर वापरावा आणि प्रवासीसंख्या अपेक्षेपेक्षा कमी राहिली तर गुणोत्तर कितीवर येईल हेही दाखवावे.

खर्च, शहराचा हिस्सा आणि रोख रक्कम

वाहतूक प्रकल्पांचे अंदाज बहुधा कमी पडतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५८ वाहतूक प्रकल्पांच्या अभ्यासात दर दहांपैकी सुमारे नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त झाल्याचे आढळले. सरासरी वाढ रेल्वेच्या कामांत सुमारे ४५ टक्के, पूल आणि बोगद्यांत ३४ टक्के, तर रस्त्यांत २० टक्के होती. म्हणून अंदाजपत्रक रेखाचित्रावरून न करता प्रत्यक्ष जागेवर जाऊन करावे. जमिनीखालील पाण्याच्या, सांडपाण्याच्या, विजेच्या आणि दूरसंचाराच्या वाहिन्या कुठे आहेत हे आधी शोधावे, कारण त्या हलवण्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारी परवानगी ही विलंबाची नेहमीची कारणे आहेत. लागणारी जमीन कोणाच्या मालकीची आहे याची कागदपत्रे जोडावीत. आजच्या दराने आकडा न लिहिता ज्या वर्षी काम होणार आहे त्या वर्षाच्या अपेक्षित दराने लिहावा, आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद स्वतंत्र ओळीत दाखवावी.

बहुतेक योजनांत शहराला स्वतःचा हिस्सा द्यावा लागतो. अमेरिकेतील केंद्रीय निधीच्या अनेक योजनांत केंद्राचा वाटा साधारणपणे ८० टक्क्यांपर्यंत असतो आणि उरलेला भाग राज्याने किंवा शहराने उभारायचा असतो. आपल्या हिश्शासाठी पुढे तरतूद करू असे नुसते आश्वासन न देता लोकप्रतिनिधींच्या सभेने मंजूर केलेला ठराव आणि अर्थसंकल्पातील नोंद अर्जासोबत द्यावी.

येथे एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण लहान शहरे नेमकी तिच्यामुळे अडचणीत येतात. निधी मंजूर झाला म्हणजे रक्कम खात्यात जमा झाली असे नव्हे. अनेक योजनांत शहराने आधी खर्च करायचा असतो, देयके सादर करायची असतात आणि मगच प्रतिपूर्ती मिळते. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग निधीत तर कामाला अधिकृत परवानगी मिळण्यापूर्वी केलेला खर्च साधारणपणे ग्राह्यच धरला जात नाही. त्यामुळे उत्साहाच्या भरात कंत्राटदाराला आधीच काम सुरू करायला सांगणे शहराला महागात पडू शकते. कंत्राटदाराची दर महिन्याची देयके आणि प्रतिपूर्ती येण्याचा काळ यांतील अंतर किती असेल, आणि तेवढे दिवस शहर कोणत्या खात्यातून पैसे देणार, याचा महिनावार तक्ता लेखा अधिकाऱ्याने तयार करावा. तो अर्जात मागितलेला नसला तरी करावा.

बांधलेल्या गोष्टीची पुढची काळजी कोण आणि कशातून घेणार, हेही लिहावे. सिग्नलांची दुरुस्ती, रंगाचे पट्टे, झाडांना पाणी, थांब्यांची स्वच्छता हा खर्च प्रादेशिक निधीतून क्वचितच मिळतो.

लोकांचा सहभाग

रेखाचित्र पक्के झाल्यावर घेतलेल्या सभेला सल्लामसलत म्हणता येत नाही. त्या रस्त्यावर दुकान असणारे, मालाची चढ-उतार करणारे, शाळेत मुलांना सोडणारे, बसचालक आणि विशेषतः चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी वापरणारे नागरिक यांच्याबरोबर आधी त्या रस्त्यावरून चालावे. अपंग व्यक्तींची सोय हा बऱ्याच ठिकाणी कायदेशीर भागही आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यामुळे रस्त्याच्या पृष्ठभागाचे नूतनीकरण करतानाही पदपथाच्या कडेला उतार द्यावे लागतात. विरोध झाला असेल तर तो लपवू नये. कोणता आक्षेप आला आणि त्यामुळे रचनेत काय बदलले, हे लिहिलेला प्रस्ताव अधिक विश्वासार्ह वाटतो. पाठिंब्याची पत्रे एकाच मजकुराची नसावीत. बस चालवणाऱ्या संस्थेने वेळापत्रकात काय बदल करू हे लिहिणे किंवा रुग्णालयाने किती रुग्ण त्या मार्गाने येतात हे सांगणे, अशा पत्रांचा खरा उपयोग होतो.

अर्जाचे लेखन आणि त्यानंतर

गुणांकनाचा तक्ता समोर ठेवून त्याच क्रमाने उत्तरे लिहावीत. ज्या निकषाला जास्त गुण आहेत त्याला जास्त जागा द्यावी. नकाशा, अंदाजपत्रक आणि मजकूर यांतील लांबी, रक्कम आणि तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत, आणि हे तपासण्याचे काम प्रस्ताव न लिहिलेल्या व्यक्तीकडे द्यावे. शहर न पाहिलेल्या वाचकाला पहिल्या पानावरूनच काम कुठे आहे, कोणासाठी आहे आणि किती रकमेचे आहे हे कळायला हवे.

प्रस्ताव नाकारला गेला तर प्रत्येक निकषावर मिळालेले गुण आणि परीक्षकांचे शेरे मागून घ्यावेत आणि पुढच्या फेरीपर्यंत नेमकी तीच उणीव भरून काढावी. मंजूर झाला तर करारातील मुदती लगेच दिनदर्शिकेत नोंदवाव्यात, कारण ठरलेल्या काळात खर्च न झालेला निधी परत जाऊ शकतो. काम सुरू होण्यापूर्वी ज्या ठिकाणी, ज्या दिवशी आणि ज्या वेळी मोजणी केली होती, तेथेच आणि तशाच दिवशी ती काम पूर्ण झाल्यावर पुन्हा करावी आणि निकाल, ते अपेक्षेपेक्षा कमी आले असले तरी, निधी देणाऱ्या संस्थेला व नागरिकांना लेखी कळवावेत. पुढील प्रस्तावासाठी हाच अहवाल पहिला पुरावा म्हणून जोडता येतो.