वाकळेचे चौकोन लहानमोठे होतात तेव्हा

आधी शिवण मोजा, कापड नंतर. पाव इंचाची शिवण अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली, तर दोन्ही कापडांचं मिळून प्रत्येक जोडाला एक सूत जातं. चार पट्ट्यांच्या चौकोनात तीन जोड, म्हणजे तीन सूत गायब! सुईच्या उजवीकडे पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कड तिला टेकवूनच शिवा.

सोलापुरी चादरीचा तुकडा जुन्या सुती लुगड्याला जोडलात, तर चादरीची जाड दुमड आणखी माप खाते. तिथे कापतानाच शिवणीला अर्धा इंच धरा. विणीचे धागेही निसटत नाहीत. नवी चादर धुऊन, आटवूनच कापा. इस्त्री ओढू नका, दाबून उचला.

शिवलेले चौकोन सूतभरच कमी-जास्त असतील तर सगळे सर्वांत लहान मापाला छाटा, चारही बाजूंनी सारखे. त्याहून जास्त फरक असेल तर उसवाच. ताणून बसवलेल्या चौकोनाला धुतल्यावर चुण्या पडतात.