या चुका टाळा: होकार मिळूनही नेत्रदान वाया का जाते

पुण्यातील एका नेत्रपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करताना गेली सतरा वर्षे मी रात्री-अपरात्री लोकांच्या घरी जात आले आहे. आम्हाला फोन येतो तेव्हा घरच्यांचा होकार झालेलाच असतो, आणि तरीही काही वेळा आम्हाला हात हलवत परत यावे लागते. त्याची कारणे इतकी साधी आणि इतकी तीच ती असतात, की आता ती लिहून काढणे मला माझे कामच वाटू लागले आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे फोनला उशीर करणे, आणि तिच्या जोडीला डोक्यावरचा पंखा चालू ठेवणे. या दोन चुका बहुधा एकत्रच भेटतात. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, आणि शक्य तितके लवकर व्हावे लागते. आपण "डोळा दान केला" असे म्हणत असलो, तरी रुग्णाला बसवला जातो तो डोळ्याच्या अगदी पुढचा, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो कॉर्नियातले जास्तीचे पाणी सतत बाहेर टाकून त्याला स्वच्छ ठेवतो. माणसाच्या शरीरात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून नेत्रपेढीत सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजल्या जातात, आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण दोन हजारांच्या खाली संख्या गेली, तर दृष्टी देण्यासाठी तो कॉर्निया सहसा वापरत नाहीत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कोथरूडमधील एका घरी मी गेले होते. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा रात्री दीड वाजता गेले होते. अडीच वाजता त्यांचे नेहमीचे डॉक्टर येऊन मृत्यूचा दाखलाही देऊन गेले होते. आजोबांनी नेत्रदानाचा अर्ज दहा वर्षांपूर्वीच भरला होता आणि मुलालाही ते माहीत होते, परंतु मोठी बहीण नाशिकहून निघाली होती, आणि "ताई आल्यावर ठरवू" असे घरात ठरले. आम्हाला फोन आला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. हॉलमध्ये देह ठेवला होता, वर पंखा पूर्ण वेगात फिरत होता, आणि पापण्या नीट मिटलेल्या नव्हत्या. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर दोन्ही डोळ्यांवर पापण्यांच्या फटीएवढी, करडी, कोरडी पट्टी उमटलेली होती. घरच्यांच्या संमतीने आम्ही ते नेत्र प्रशिक्षणासाठी घेतले, पण कोणाच्याही डोळ्यावर ते बसले नाहीत. साडेआठला बहीण आली. सर्व ऐकल्यावर ती भावाला एवढेच म्हणाली, "अरे, मला फोनवर विचारलं असतंस तर मी दोन वाजताच हो म्हटलं असतं."

तेव्हापासून नेत्रदानाचा फोन आला की पत्ता विचारण्याआधी मी "पंखा बंद केलात का?" असे विचारते. उन्हाळ्यात लोकांना हे पटत नाही, कारण घर माणसांनी भरलेले असते. अशा वेळी वातानुकूलन यंत्र चालू ठेवले तरी चालते, पंखा मात्र नको. पापण्या हलक्या बोटांनी मिटवाव्यात, आणि त्या उघडू लागल्या तर थोडा वेळ तशाच धरून ठेवाव्यात. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवावा आणि तो सुकू लागला की बदलावा. डोक्याखाली दोन उशा द्याव्यात, म्हणजे नेत्र काढल्यानंतर रक्त येण्याची शक्यता कमी होते. तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालण्याला, उशाशी दिवा लावण्याला आमची काहीही हरकत नसते; अंघोळ तेवढी आमचे काम झाल्यावर घालावी, असा माझा आग्रह असतो. आमचे काम पंधरा-वीस मिनिटांचे असते. ते झाल्यावर पापण्या पूर्वीसारख्या मिटवल्या जातात आणि चेहऱ्यावर काहीही विद्रूपपणा राहत नाही. देह शवागाराच्या शीतपेटीत असेल तर थोडी अधिक सवलत मिळू शकते, पण तो निर्णय नेत्रपेढीचा असतो. "सहा तास होऊन गेले, आता कशाला विचारायचे" असे परस्पर ठरवू नये, आणि "सहा तास आहेत, सावकाश करू" असे तर मुळीच म्हणू नये.

दुसरी चूक म्हणजे अर्ज भरला की काम झाले असे समजणे. व्यवहारात निकटच्या नातेवाइकांनी साक्षीदारांसमोर संमतिपत्रावर सही केल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही, त्यामुळे विम्याच्या कागदांबरोबर कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलेले कार्ड तेराव्यानंतर सापडते आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही. याउलट, अर्ज कधीच भरला नसला तरी घरच्यांची इच्छा असल्यास नेत्रदान होऊ शकते. राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असा असतो, आणि पुष्कळदा तो गणेशोत्सवाच्या आसपास येतो. त्या दिवसांत मंडपाबाहेर टेबल मांडून एका संध्याकाळी तीनशे अर्ज भरून घेणारे उत्साही कार्यकर्ते मी दरवर्षी पाहते. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु आकडा वाढवण्याची ही घाई मला मान्य नाही. तीनशे अर्जांपेक्षा दहा घरांत बसून, सुनेला, जावयाला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे बोलणे अधिक उपयोगाचे आहे, कारण त्या रात्री फोन करतो तो बहुतेक वेळा शेजारीच. माझ्या स्वतःच्या घरी नेत्रपेढीचा क्रमांक स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे आणि सर्वांच्या मोबाइलमध्ये तो "नेत्रदान" याच नावाने आहे.

चष्मा होता, मधुमेह होता, रक्तदाब होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती किंवा वय नव्वद होते, म्हणून फोनच न करणे हीदेखील चूकच. यांपैकी कोणत्याही कारणाने नेत्रदान आपोआप बाद होत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे कारणच अज्ञात असणे अशा परिस्थितीत रोपणासाठी नेत्र वापरत नाहीत. याचसाठी आम्ही रक्ताचा नमुनाही घेतो. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांची आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी लागते, एवढेच. मृत्यूचा दाखला डॉक्टरांकडून लगेच घ्यावा. आमच्यासमोर अर्धा-अर्धा तास तो शोधला जातो. "डॉक्टर का आले नाहीत?" या प्रश्नावरही वेळ घालवू नये, कारण १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली सुधारणा झाल्यापासून प्रशिक्षित तंत्रज्ञालाही हे काम करता येते. यासाठी एक पैसाही द्यावा-घ्यावा लागत नाही.

नव्या कार्यकर्त्यांची एक सवय मला फार खटकते. दुःखात बुडालेल्या माणसांना ते "यांच्यामुळे दोघांना दृष्टी मिळणारच" असे वचन देऊन बसतात. घेतलेला प्रत्येक कॉर्निया तपासणीत उतरतोच असे नाही. "दोन जणांना उपयोग होऊ शकतो, तपासणीनंतर कळेल" हे वाक्य पुरेसे आहे आणि खरे आहे.

आता रुग्णांच्या बाजूच्या चुकांकडे वळते. काचबिंदूने किंवा मागचा पडदा खराब झाल्याने गेलेली दृष्टी कॉर्निया बदलून परत येत नाही, हे अनेक कुटुंबांना पुण्यापर्यंतचा प्रवास झाल्यावर कळते. रोपणाचा उपयोग होतो तो कॉर्निया पांढरा पडला असेल, म्हणजे ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात तसे झाले असेल, तो सुजून धुरकट झाला असेल किंवा त्याचा आकार बिघडला असेल तर. यातील बरीच फुले टाळता येण्यासारखी असतात. उसाचे पाचट डोळ्याला लागले की बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि अशा डोळ्यात औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर लाली चार दिवस कमी होते आणि आत बुरशी फोफावते. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलांच्या हातात देणे हा तर अक्षम्य हलगर्जीपणा आहे. एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी कॉर्नियाचे पहिले यशस्वी रोपण केले, त्या रुग्णाचे डोळेदेखील चुन्यानेच भाजलेले होते. चुना डोळ्यात गेला तर त्याच क्षणी नळाखाली डोळा उघडा धरून किमान अर्धा तास धुवावा, कण दिसत असतील तर काढावेत आणि मगच दवाखान्याकडे निघावे.

शेवटची चूक मला सर्वांत अधिक बोचते, कारण ती सर्व काही नीट झाल्यानंतर होते. इंदापूर तालुक्यातील तिशीच्या एका शेतकऱ्याच्या डोळ्यावर रोपण झाले होते. केसाहूनही बारीक धाग्याचे सोळा टाके होते. चौथ्या महिन्यात तो स्वारगेटला उभा राहून एसटीची पाटी वाचू लागला, आणि पाचव्या महिन्यात ऊसतोड सुरू झाली तेव्हा "डोळा आता चांगला आहे" म्हणून त्याने थेंब बंद केले. डोळा लाल झाल्यावर त्याने गुलाबपाणी घातले आणि पुढच्या तारखेची वाट पाहिली. तो बारा दिवसांनी आला, तोपर्यंत शरीराने तो कॉर्निया नाकारला होता आणि उपचार करूनही तो पुन्हा स्वच्छ झाला नाही. तो कॉर्निया कोणत्या घरातून आला होता हे मला ठाऊक होते, कारण तो मीच आणला होता. नेत्रदात्याचे नाव रुग्णाला आणि रुग्णाचे नाव नेत्रदात्याच्या घरच्यांना सांगितले जात नाही, त्यामुळे मी त्याला काहीच बोलू शकले नाही.

कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून इतर अवयवांच्या तुलनेत तो नाकारला जाण्याचा धोका कमी असतो, पण तो धोका वर्षे उलटली तरी संपत नाही. थेंब कधी कमी करायचे आणि कधी थांबवायचे हे केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. दृष्टी स्थिर होण्यास अनेक महिने लागतात, टाके टप्प्याटप्प्याने काढले जातात आणि नंतर चष्मा लागू शकतो. महिन्याभरात चमत्कार हवा असणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे. मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक थेंबाची खूण करायला सांगते, आणि ती दिनदर्शिका तपासणीला येताना सोबत आणायला लावते. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा दुखणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तर मोबाइलवर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नये. पुढची तारीख आठ दिवसांवर असली तरी त्याच दिवशी निघावे, आणि येताना घरात चालू असलेली सर्व औषधे, गुलाबपाण्याच्या बाटलीसकट, पिशवीत घालून आणावीत.