मुंबईतली बैठक संपल्यावर: आभार मानण्याची रीत

मिरज, रत्नागिरी, फोंडा अशा गावांतून मुंबईत गायला जाणाऱ्या कलाकाराबरोबर मंचावर निदान चार माणसं असतात: तबला, पेटी आणि मागे दोन तंबोरे. बहुतेक वेळा ती आयोजकांनी मुंबईतूनच जमवलेली असतात आणि त्यांची तुमची भेट त्याच संध्याकाळी होते. अनोळखी गळ्याला त्यांनी दोन तास सांभाळलेलं असतं. त्यांचे आभार नीट मानायचे, तर तयारी गाण्याआधीच करावी लागते.

तंबोरे जुळवताना प्रत्येकाला नाव विचारून घ्या, आडनावाच्या उच्चारासकट. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठसठशीत अक्षरात ती लिहून एक प्रत निवेदकाकडे द्या, दुसरी स्वरमंडळाखाली (गाताना मांडीवर घेऊन छेडतात त्या तारवाद्याखाली) ठेवा. स्वतः आभार मानायचे ते भैरवीच्या आधी. भैरवी संपली की श्रोत्यांना लोकल गाठायची घाई असते, मग कुणी ऐकत नाही. सुरुवात तंबोऱ्यावरच्या मुलांपासून करा, कारण नेमकी तीच नावं राहून जातात. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याचंही नाव घ्या. सत्कार होणार असेल, तर ‘मंचावर पाच जण आहोत’ हे आयोजकांना दुपारीच सांगून ठेवा. नाहीतर शाल-श्रीफळ तिघांना मिळतं आणि मागची दोन मुलं टाळ्या वाजवत बसतात.

आता मानधन. कितीही गोड बोललं, तरी साथीदाराचं पाकीट अडकलं की आभाराला अर्थ राहत नाही. गोंधळ होतो तो आयोजक एकत्र रक्कम मुख्य कलाकाराला देतात तेव्हा. त्यांचा धनादेश पंधरा दिवसांनी वटतो आणि तोवर तबलजी ‘आले की देतो’ एवढ्यावर थांबलेला असतो. म्हणून आकडा फोनवर आधीच ठरवा. शक्य असेल तर आयोजकांनाच परस्पर द्यायला सांगा. नाहीतर तुमच्या खिशातून त्याच रात्री, नाव घातलेल्या पाकिटात किंवा यूपीआयने द्या. तबल्याची जोडी घेऊन डोंबिवली-विरारला जाणाऱ्याची शेवटची लोकल चुकत असेल, तर टॅक्सीचं भाडं वेगळं द्या. तंबोऱ्यावरचे विद्यार्थी पैसे मागत नाहीत, पण त्यांच्या जेवणाची आणि घरी पोचण्याची सोय तुम्ही बघायची.

तंबोरे कुणाच्या घरून आणले असतील, तर ते जसे आले तसे परत जाणं हाच मालकाला मिळणारा खरा धन्यवाद. सूर बारीक जुळवायचे तारांवरचे मणी मधोमध आणा आणि चारही तारा एक-दोन सूर उतरवा. चढवलेल्या तारांचा ताण दांडीवर आणि घोडीखालच्या तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) सतत राहणं बरं नाही. जवारीचे दोरे (घोडीवर तारांखाली असतात ते) काढू नका, गवसणीत म्हणजे खोळीत हरवतात. काळी चारसाठी (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून गाण्यासाठी) तारा बदलल्या असतील किंवा एखादी तुटली असेल, तर कोणत्या जाडीची तार घातली ते चिठ्ठीवर लिहून गवसणीच्या खिशात ठेवा. टॅक्सीत तंबोरा डिकीत घालू नका; भोपळ्याला एक ठोकर पुरते. तो मागच्या सीटवर आणि शेजारी एक माणूस.

मुक्काम कुणाच्या घरी असेल, तर टिकणारी भेट न्या: सांगलीकडचे बेदाणे अर्धा किलो किंवा कोकणातली आमसुलं. आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली गळते, ती वाद्यांच्या सामानात नको. गावी पोचल्यावर यजमानांना ‘पोचलो’ म्हणून फोन करा, मेसेज नको.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळं लिहा. ग्रुपवर टाकलेलं ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ कुणालाच आपलं वाटत नाही. घडलेली एक नेमकी गोष्ट लिहा. उदाहरणार्थ तबलजीला: ‘तिलवाडा तालाचा ठेका तुम्ही इतका भरीव आणि स्थिर ठेवलात, की बडा ख्याल घाई न करता मांडता आला.’ पेटीवाल्याला: ‘तारसप्तकात मी थांबले तिथे तुम्ही नुसता षड्ज धरून ठेवलात, त्याने फार आधार मिळाला.’ ध्वनिमुद्रण हाती आलं की त्यांचं वादन खुललेला तुकडा शोधून मिनिटासकट कळवा. यूट्यूबवर टाकण्याआधी प्रत्येकाची परवानगी घ्या आणि वर्णनात सगळी नावं घाला. आयोजकांना मात्र कागदावर पत्र पाठवावं. अशी मंडळं बहुधा हौशी माणसं नोकरी सांभाळून चालवतात, आणि देणगीदारांना दाखवायला ते पत्र त्यांच्या उपयोगी पडतं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे उलट आमंत्रण. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तुमच्या गावीही काहीतरी होतच असेल. तिथे साथीसाठी याच माणसाचं नाव सुचवा. मानधन, राहण्याची जागा आणि स्वर काळी एक की काळी चार, हे पहिल्याच फोनवर सांगा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तारीख ठरली की त्याचं जाण्या-येण्याचं तिकीट तुम्हीच काढा, आणि ते खालच्या बर्थचं मिळतंय का पाहा, म्हणजे तबल्याची बॅग सीटखाली डोळ्यांसमोर राहील.